निसर्गकवि बालकवि ठोमरे



मराठी शाळेच्या चार इयत्ता ज्यानें पार केल्या आहेत अशा माणसाला दुसरें कांहीं आठवो वा न आठवो, एखाद-दुसरी कविता मात्र त्याच्या जिभेवर अखेरपर्यंत राहते. आणि ती पुष्कळदां श्रावणाची, फुलराणीची किंवा औदुंबराची असते. कवीचें नांव विचारलें तर ‘बालकवि’ असें उत्तर तत्काळ मिळतें. परंतु हे बालकवि कोण, कोठले, केव्हांचे, आणि त्यांना बालकवि कां म्हणत, असा पुढचा प्रश्न केला तर चांगल्या शिकलेल्या घरांतूनहि मौन पाळलें जातें. मुलांसाठीं गोड गोड गाणीं लिहिणारा तो बालकवि, अशी एक समजूत होऊन बसली आहे. ही समजूत चुकीची आहे. आणि तिच्यामुळें एका मोठ्या कवीचा निम्मा भाग आपल्या दृष्टीआड झाला आहे. त्या कवीच्या चरित्राचा व कार्याचा परिचय आज करून देण्याचें मीं योजिलें आहे, तें याच कारणासाठीं.

बालकवींचें मूळ नांव त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजीं खानदेशांत धरणगांव येथें झाला. त्या वेळीं खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ सालीं झाले. वडील पोलीस खात्यांत नोकरीला होते. अशा नोकरमाणसाचा संसार सदैव गाडीवर बांधलेला असावयाचा. ठोमऱ्यांच्या मुलाचें बालपण यावल, नवापूर, जळगांव अशा निरनिराळ्या गांवीं विभागलें गेलें. यावल हें सातपुड्याच्या पायथ्याचें गांव, तर नवापूर गुजराथच्या सीमेवरचें, रानानें वेढलेलें. एका शाळेंत जम बसावा तों बदलीचा हुकूम यावा, असा क्रम चालल्यामुळें इंग्रजी शिक्षण आरंभींच्या इयत्तांपलीकडे फारसें गेलें नाहीं. मात्र शाळेनें जें दिलें नाहीं तें या भटकंतीनें दिलें. डोंगराच्या घड्या, तापीचें विस्तीर्ण खोरें, रानांतले झरे आणि नाले, भर दुपारीं निःशब्द पडलेलीं शेतें, हें सारें त्या मुलानें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहिलें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या वर्षांत हा मुलगा वाढत होता तीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १८९६ पासून प्लेगनें मुंबई इलाख्यांत थैमान घातलें होतें. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ येऊन उभा राहिला, तेव्हां त्र्यंबकाचें वय नऊ-दहा वर्षांचें होतें. निसर्गाचें केवळ हंसरें तोंडच या कवीनें पाहिलें होतें, असें मानण्यास म्हणूनच जागा नाहीं.

जळगांव या शहराला त्या काळीं मराठी काव्याच्या इतिहासांत एक विशेष स्थान होतें. नारायण नरसिंह फडणीस हे गृहस्थ तेथून १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ नांवाचें मासिक चालवीत असत. केवळ कवितेला वाहिलेलें मासिक, आणि तेंहि मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर! केशवसुतांसारख्या नव्या कवींच्या कविता त्यांत प्रसिद्ध होत. याच जळगांवांत १९०७ सालीं महाराष्ट्रांतील कवींचें पहिलें संमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. सोळा-सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनीं तेथें आपली कविता म्हटली, आणि तिनें प्रसन्न होऊन अध्यक्षांनीं त्यांना ‘बालकवि’ ही पदवी दिली. म्हणजे ‘बालकवि’ याचा अर्थ बालकांचा कवि असा नसून, बालवयांत कवि झालेला, असा आहे.

हे कीर्तिकर कोण होते, हेंहि सांगण्यासारखें आहे. ते लष्करी वैद्यकांत नांव मिळविलेले शस्त्रवैद्य. टेनिसनच्या एका दीर्घ काव्याचें ‘इंदिरा’ हें मराठी रूपांतर करणारे कवि. आणि त्याबरोबरच नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतांतील औषधी वनस्पतींवर त्यांनीं मेजर बसु यांच्याबरोबर सिद्ध केलेला मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि वनस्पतींचे अभ्यासक अजून तो चाळतात. झाडांचीं पानें, फुलें, मुळ्या यांची शास्त्रानुसार नोंद करण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्यानेंच मराठींतील सर्वश्रेष्ठ निसर्गकवीला हांक मारून नांव दिलें. निसर्ग जाणण्याच्या दोन रीती त्या दिवशीं एका मंडपांत भेटल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु तिसरी एक रीत त्या मंडपाबाहेर राहिली. जळगांवाजवळच्या असोदे गांवीं १८८० सालीं जन्मलेली आणि जळगांवांतच चौधरींच्या घरीं दिलेली एक शेतकरीण त्याच शहरांत नांदत होती. तिला अक्षरओळख नव्हती. पेरणी, कापणी, जातें, चूल आणि विहिरीची मोट यांच्या संगतींत तिचें आयुष्य चाललें होतें, आणि त्यांतूनच तिचीं गाणीं उपजलीं. बहिणाबाई चौधरी हें तें नांव. १९५१ सालीं ती निवर्तली, आणि पुढच्या वर्षीं तिचे पुत्र सोपानदेव यांनीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिचीं गाणीं प्रकाशांत आणलीं. ज्या शहरानें बालकवीला पदवी दिली, त्याच शहरांतल्या या कवयित्रीचें नांव कळावयास महाराष्ट्राला त्यानंतर पंचेचाळीस वर्षें लागलीं. इतिहास सांगतांना मंडपांतील कवींप्रमाणेंच मंडपाबाहेरचाहि उल्लेख झाला पाहिजे, म्हणून तो येथें केला.

जळगांवच्या संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक हजर होते. फुलांचे आणि मुलांचे कवि म्हणून त्यांची ख्याति होती. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि त्यापायीं स्वजनांचा वियोगहि सोसला होता. त्यांनीं या मुलाच्या अंगचें पाणी ओळखलें. पुढें बालकवि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांच्या घरीं बराच काळ राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनीं त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं या ठोमऱ्यांची आठवण मोठ्या जिव्हाळ्यानें दिली आहे. ब्राह्मणाच्या मुलानें ख्रिस्ती घरांत राहणें ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. जातीचे निर्बंध कडक होते आणि लोकांचीं तोंडें त्याहून कडक. असें असतांहि एका घरानें दार उघडलें व एका मुलानें तें ओलांडलें, आणि त्यायोगें मराठी कवितेचें कल्याण झालें. कवितेचा धर्म पंक्तिभेद जाणत नाहीं, याचें हें आपल्याकडचें ठळक उदाहरण होय.

आतां बालकवींनीं नवें काय केलें, तें पाहूं. आपल्या जुन्या काव्यांत निसर्ग नव्हता असें नाहीं. ज्ञानेश्वरींत चंद्र, समुद्र, कमळ, मेघ, पांखरें यांची रेलचेल आहे. परंतु तीं येतात तीं दृष्टांत म्हणून. आत्म्याचें कांहीं गूढ उकलावयाचें असतें, आणि त्या कामीं चंद्राला व चकोराला साक्षीस बोलावलेलें असतें. पंडितकवींच्या काव्यांत उपवनें आहेत, सरोवरें आहेत, हंस आहेत. परंतु तीं पुष्कळशीं संस्कृत काव्यांतून आलेलीं, ठराविक साच्याचीं. १८६६ सालीं जन्मलेल्या केशवसुतांनीं कवितेची दिशा पालटली. माणसाच्या मनांत उठणारा कोणताहि विचार काव्याचा विषय होऊं शकतो हें त्यांनीं दाखविलें. १९०५ सालीं ते गेले. त्यांच्यामागून आलेल्या बालकवींनीं निसर्गालाच कवितेच्या मध्यभागीं बसविलें. त्यांचा झरा हा कोणत्याहि तत्त्वाचा दृष्टांत नाहीं. तो झराच आहे. त्यांची फुलराणी म्हणजे हिरवळीवरची एक लाजरी कळी. तिचें सूर्यकिरणाशीं लग्न लागतें, आणि आकाश, वारा, पांखरें हेंच त्या लग्नाचें वऱ्हाड. ही कल्पना वाचून शहाणा मनुष्य हंसेल. परंतु कविता वाचतांना तो हंसत नाहीं, कारण त्या वेळीं कळी ही कळी असूनहि त्याला नवरी दिसूं लागलेली असते. पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ च्या सुमारास रंगभूमीवर आणलेल्या आपल्या नाटकाला ‘ती फुलराणी’ हें नांव दिलें, तेव्हां प्रेक्षकांना त्याचा खुलासा करावा लागला नाहीं. इतकी ही कळी मराठी मनांत रुजलेली आहे.

यावर एक आक्षेप पूर्वींपासून घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. १९०५ सालीं वंगभंग झाला, १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले, देशांत असंतोष धुमसत होता. अशा वेळीं हा कवि फुलांचीं लग्नें लावीत बसला होता काय? मला वाटतें, या आक्षेपाला दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, ज्या भूमीसाठीं लोक तुरुंगांत जात होते, ती भूमि दिसते कशी, हें कोणीतरी सांगावयास हवेंच होतें. देशभक्ति ही नकाशावर बसत नाहीं. ती ओढ्याकांठच्या झाडावर, शेतांतून गेलेल्या पाऊलवाटेवर बसते. ती वाट बालकवींनीं मराठी मुलांच्या तीन-चार पिढ्यांना दाखविली.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. बालकवि हे केवळ आनंदाचे कवि नव्हतेच. त्यांनीं लिहिलेल्या दीडशेंहून थोड्या अधिक कवितांपैकीं क्रमिक पुस्तकांनीं ज्या उचलल्या त्या बहुतेक आनंदाच्या. श्रावण आला, आनंदीआनंद आला. परंतु ‘पारवा’ आला नाहीं, ‘खेड्यांतील रात्र’ आली नाहीं, ‘उदासीनता’ तर नाहींच नाहीं. पडक्या भिंतीच्या आश्रयानें एकटाच घुमणारा पारवा, भकास गांवावर पसरलेली भयाण रात्र, आणि कशानें झाली हें न कळणारी मनाची जखम, हेंहि बालकवींचेंच काव्य आहे. चार-पांच वर्षांच्या अंतरानें एकाच हातानें हें दोन्ही लिहिलें. पैशाची ओढाताण, एका गांवीं न टिकणारें बस्तान, बडोदें, नगर, पुणें अशी चाललेली फिरती, लहान वयांत अंगावर पडलेला संसार, यांचा त्यांत भाग असेल. परंतु तेवढ्यानें या खिन्नतेचा उलगडा होत नाहीं. निसर्ग सदैव नवा होत राहतो आणि माणूस मात्र एकदां कोमेजला कीं कोमेजला, ही जाणीव त्यांना फार लवकर झाली असावी. आनंदाच्या कविता या जाणिवेच्या कडेवर उभ्या आहेत, म्हणूनच त्या पोकळ वाटत नाहींत.

‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर आपल्या टीकाकारांनीं जितकें लिहिलें आहे तितकें क्वचितच एवढ्या लहान कवितेवर कोठें लिहिलें गेलें असेल. टेकडीपलीकडचें गांव, हिरवीं शेतें, पांढरी वाट, काळें पाणी, आणि त्या पाण्यांत पाय सोडून बसलेला औदुंबर. एवढेंच तें चित्र. कोणी म्हणतात हें परम शांतीचें चित्र, कोणी म्हणतात त्या काळ्या पाण्यांत मृत्यूची सांवली आहे. मला या वादांत पडावयाचें नाहीं. परंतु नातेपुत्यासारख्या गांवीं आयुष्य घालविलेल्या मास्तराला या कवितेंत एक निराळी गोष्ट दिसते, ती सांगतों.

आमचा माळशिरस तालुका पर्जन्यछायेंतला. शंभु महादेवाच्या डोंगराच्या उगवतीकडे ढग येतात ते रिकामे होऊन येतात. आषाढांत माउलींच्या पालखीचा मुक्काम आमच्या गांवीं पडतो. त्या दिवशीं वारकरी आणि गांवकरी दोघेहि आभाळाकडे पाहतात. श्रावणांतलें ऊन आम्हांला पुष्कळ मिळतें, पाऊस फारसा नाहीं. खरा भरंवसा भाद्रपद-आश्विनांतल्या परतीच्या पावसावर. नीरेच्या कालव्याचें पाणी जेथें पोंचलें तेथें ऊंस उभा आहे, आणि जेथें पोंचलें नाहीं तेथें माळ तसाच उघडा आहे. अशा मुलखांतलीं मुलें बाकांवर बसून श्रावणाची कविता घोकीत असत, आणि मी फळ्याशीं उभा राहून विचार करीत असें कीं, यांना हें आपलें वाटेल काय? आश्चर्य असें कीं, तें वाटे. जो पाऊस दारीं आला नाहीं त्याचीहि ओढ त्या कवितेनें लागत असे. परंतु ‘औदुंबर’ शिकवितांना एकदां निराळाच अनुभव आला. अख्खी कविता खडखडीत म्हणणाऱ्या वर्गाला मीं विचारलें, हा औदुंबर कोणीं पाहिला आहे? एकहि हात वर झाला नाहीं. ओढ्याच्या कडेला ज्या उंबराखालीं तीं मुलें रोज शेळ्या बांधीत, तोच हा औदुंबर, हें त्यांना कोणीं सांगितलेलेंच नव्हतें.

उंबर हें पाण्याचें झाड. जमिनीखालीं पाणी कोठें आहे हें ओळखण्याच्या ज्या खुणा वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत दिल्या आहेत, त्यांत उंबराची गणना आहे; आणि विहीर खणण्यापूर्वीं जुने लोक उंबर कोठें वाढला आहे तें पाहत. कोरडवाहू मुलखांतल्या माणसाला पाण्यांत पाय सोडून बसलेलें झाड दिसलें तर तें शांतीचें कीं मृत्यूचें, हा प्रश्न नंतरचा. तें प्रथम पाणी असल्याची ग्वाही असतें. बालकवींनीं झाड मनानें निवडलें नाहीं. जेथें पाणी तेथें जें खरोखरच असतें तेंच त्यांनीं लिहिलें. नवापूर-यावलच्या ओढ्यांनीं दिलेलें हें शिक्षण होय. ओढे आटले, त्यांच्या कडा पोखरल्या गेल्या आणि उंबर तुटले, तर ती कविता पुस्तकांत राहील खरी, पण तिचा अर्थ सांगणारा साक्षीदार राहणार नाहीं.

बालकवींच्या आयुष्याचा शेवट सर्वांना ठाऊक असूनहि सांगावयास जड जातो. ५ मे १९१८ रोजीं जळगांव आणि भुसावळ यांच्या दरम्यान असलेल्या भादली स्टेशनाजवळ, लोहमार्ग ओलांडतांना, आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. वयाला अठ्ठावीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या हयातींत त्यांच्या कवितांचा एकहि संग्रह निघाला नव्हता. मासिकांच्या पानांत आणि मित्रांच्या वह्यांत त्या विखुरलेल्या होत्या. त्या गोळा होऊन त्यांचें पुस्तक झालें तें मागाहून. पुढच्या वर्षभरांत मराठी काव्यावर आघातांमागून आघात झाले. २३ जानेवारी १९१९ ला त्यांचे समकालीन गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, गेले. आणि ९ मे १९१९ ला रेव्हरंड टिळकहि गेले. ज्यांनीं बालकवीला घरांत घेतलें, ते त्यांच्यामागें जेमतेम एक वर्ष राहिले.

याच पिढींतला वेल्स देशांतला एक निसर्गकवि मला या संदर्भांत आठवतो. विल्यम हेन्री डेव्हिस हें त्याचें नांव, जन्म १८७१. घर सोडून तो अमेरिकेंत भिकाऱ्यासारखा भटकला. १८९९ सालीं कॅनडांत चालत्या मालगाडीवर चढतांना त्याचा पाय चाकाखालीं गेला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. मग स्वदेशीं परतून, लंडनच्या धर्मशाळांतून राहून, त्यानें कविता लिहिल्या व १९०५ सालीं स्वतःच्या खर्चानें छापल्या. १९०८ सालीं त्याचें आत्मचरित्र बर्नार्ड शॉच्या प्रस्तावनेसह निघालें व तो प्रसिद्धीस आला. थांबून पाहण्यास ज्याला वेळ नाहीं त्याचें जीवन तें कसलें, हा त्याच्या एका कवितेचा आशय तिकडील शाळांतून मुलें पाठ करतात. डेव्हिसला आगगाडीनें पायावर सोडलें आणि त्याला १९४० पर्यंत आयुष्य लाभलें. आमच्या कवीला तिनें तेवढीहि सवलत दिली नाहीं. दोघांनाहि शाळा फारशी नव्हती, घर फारसें नव्हतें, पैसा नव्हता. दोघांजवळ होती ती फक्त थांबून पाहण्याची शक्ति, आणि दोघांच्याहि देशांनीं त्यांना मुलांच्या पुस्तकांत ठेवून दिलें.

बालकवींची परंपरा त्यांच्याबरोबर संपली नाहीं. त्यांच्या खानदेशाला लागूनच, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, पळसखेड गांवीं ना. धों. महानोर यांनीं शेती केली आणि कविताहि केली. १९६७ सालीं त्यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह आला. २०२३ सालीं ते निवर्तले. बालकवींनीं शेत पाहिलें, बहिणाबाईंनीं तें कसलें, आणि महानोरांनीं कसतां कसतां पाहिलें. एकाच भूभागानें मराठीला हीं तीन दर्शनें द्यावीं, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे. हीं तिन्ही एकमेकांस पूरक आहेत. एकाच्या गौरवासाठीं दुसऱ्याला उणें लेखण्याचें कारण नाहीं.

शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना माझी शेवटीं एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं बालकवींच्या कवितांचें पुस्तक असेल तर त्यांतील श्रावणाची कविता मुलांकडून जरूर म्हणवून घ्या. पण तेथेंच पुस्तक मिटूं नका. मूल चौदा-पंधरा वर्षांचें झालें कीं त्याच्यासमोर ‘पारवा’ ठेवा. उदास होणें हा दोष नव्हे, आणि आपल्यापूर्वीं एका निर्मळ मनाच्या माणसालाहि तसें झालें होतें, हें त्या वयांत कळणें फार उपकारक असतें. आणि येत्या सुटींत कोठें ओढ्याकांठीं जाण्याचा योग आला तर त्याला उंबराचें झाड दाखवून, हाच तो औदुंबर, एवढें सांगा. कीर्तिकरांनीं ज्याला बालकवि म्हटलें त्याचा खरा परिचय तेथून सुरू होतो.